समुद्राचा हिशेब कोणी ठेवायचा?



११ मे २०२० रोजी शेवेनिंगनला पाच सर्फर बुडून मरण पावले. किनाऱ्याजवळ फेसाचा जाड थर साचला होता. फिओसिस्टिस या सूक्ष्म शैवालाचा बहर आणि उत्तरेकडचा जोरदार वारा एकत्र आल्याने तो तयार झाला, असे नंतरच्या तपासात दिसले. अशा वेळी उत्तर शोधायला जुन्या नोंदी हाताशी असाव्या लागतात.

सुदैवाने इथे त्या आहेत. टेसल बेटावरची 'निओझ' ही संस्था १९७० च्या दशकापासून मार्सदीपच्या पाण्यातली पोषक द्रव्ये आणि वनस्पती प्लवक मोजत आली आहे. प्लवकांची उत्पादकता मोजायची रीत साधी आहे. पाण्याच्या नमुन्यात कार्बन-१४ घालायचा, नमुना उजेडात ठेवायचा आणि प्लवकांनी किती कार्बन शोषला ते पाहायचे. स्टीमन नीलसन या डॅनिश शास्त्रज्ञाने ती १९५२ साली मांडली.

या कंटाळवाण्या कामाचे मोल मोठे आहे. साबणातले फॉस्फेट हटले, सांडपाणी शुद्ध होऊ लागले आणि र्‍हाईनमधून येणारे फॉस्फेट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून झपाट्याने घटले. शेतीतून येणारे नायट्रोजन मात्र हळूहळूच कमी झाले. दोन्ही वेगवेगळे मोजले नसते, तर अर्ध्या यशालाच पूर्ण यश म्हणून आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

आता आपल्या समुद्राकडे पाहू. १९९२-९३ मध्ये डच संशोधक 'टायरो' जहाज घेऊन अरबी समुद्रात गेले, मोजमापे करून परतले. मोहिमा येतात आणि जातात. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था मात्र १९९७ पासून कांदोळीसमोरच्या पाण्याच्या नोंदी ठेवू लागली. पावसाळ्यात आणि त्यानंतर तिथे तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो. जमिनीवरून वाहून येणारे नायट्रोजन ही स्थिती अधिक बिघडवत असावे, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर'मध्ये मांडले.

गरीब देशाला हे परवडते का, असे काही जण विचारतील. न मोजण्याची किंमत कोण देतो, हा माझा उलट प्रश्न आहे. ऑक्सिजन संपला की मासळी जाते आणि पहिला फटका बसतो तो लहान होडीवाल्या कोळ्याला. नोंद नसेल तर त्याच्या तक्रारीला पुरावाही उरत नाही.

गावाकडे देणगी देताना आपण इमारतीला देतो, कारण तिच्यावर पाटी लागते. दर महिन्याला बाटलीभर पाणी तपासणाऱ्या कामाला पाटी नसते. तरीही यापुढे त्याच्यासाठी पैसा आणि आवाज दोन्ही द्यावे, आणि नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात असा आग्रह धरावा, असे मला वाटते. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.