गंधकावरचा एक ऑक्सिजन

कन्हानकाठच्या खापा परिसरात कपाशीचे वावर आणि संत्र्याची बाग यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी एक धुरा तेवढा असतो. आणि म्हणूनच कपाशीवरील फुलकिड्यांसाठी जे फिप्रोनिल आमचे कृषी सेवा केंद्रचालक वाचक हंगामभर विकतात, त्याच्या रासायनिक प्रकृतीचा परिचय त्यांना दुकानाच्या परवान्याइतकाच आवश्यक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोन-पूलेंक या फ्रेंच कंपनीने शोधलेला आणि 1993 पासून बाजारात आलेला हा पदार्थ म्हणजे एक पायराझोल वलय असून त्याच्या रेणूत ट्रायफ्लुओरोमेथिलचे दोन गट आहेत. एक क्लोरीनयुक्त फिनाइल वलयावर, दुसरा थेट गंधकाच्या अणूवर, आणि त्या गंधकाला ऑक्सिजनचा एकच अणू जोडलेला. ही पांढरी भुकटी सुमारे 200 अंश सेल्सिअसला वितळते. ॲसिटोनमध्ये ती सहज विरघळते, परंतु लिटरभर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम. त्यामुळे पाच टक्के एससीच्या बाटलीत द्रावण नसते, अतिसूक्ष्म दळलेले कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. फळीवर राहिलेल्या बाटलीच्या तळाशी त्याचा साका बसतो, आणि ती न हलविता ओतली तर पहिल्या टोपणात औषध कमी व अखेरच्या टोपणात अतोनात जास्त जाते. कपाशीसाठी हेक्टरी 1500 ते 2000 मिलिलिटर, म्हणजे 75 ते 100 ग्रॅम मूळ द्रव्य, हे प्रमाण बाटली नीट हलविली असेल तेव्हाच खरे ठरते.

त्याची सिद्धता अधिक मननीय आहे. डायक्लोरो-ट्रायफ्लुओरोमेथिल ॲनिलीनचे डायाझोटीकरण करून त्यापासून सायनोयुक्त पायराझोल वलय बांधतात, त्या वलयावर गंधकासह ट्रायफ्लुओरोमेथिल गट बसवितात, आणि मग येतो कसोटीचा टप्पा, ऑक्सिडीकरणाचा. फ्लोरिनने इलेक्ट्रॉन ओढून घेतल्याने हा गंधक सहजासहजी ऑक्सिजन स्वीकारत नाही. त्यासाठी ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लातील हायड्रोजन पेरॉक्साइडासारखे उग्र द्रव्य योजावे लागते, आणि उग्रता जराशी वाढली की दुसरा ऑक्सिजन चिकटून सल्फोन तयार होतो. पहिल्या ऑक्सिजनवर थांबणे हेच कारखान्यातील रसायनज्ञाचे खरे कसब होय.

निसर्ग मात्र तेथे थांबत नाही. मातीत आणि प्राण्यांच्या यकृतात त्याच फिप्रोनिलचा सल्फोन होतो. पानावर ऊन पडले की गंधक व ऑक्सिजन निघून जातात आणि डेसल्फिनिल नावाचा पदार्थ मागे उरतो, ज्याचा मज्जाविषारी गुण कायम राहतो, असे हेन्झल व कॅसिडा या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिले. मूळ रेणू कीटकांच्या चेतातंतूंतील क्लोराइडचे मार्ग रोखतो आणि सस्तन प्राण्यांच्या मार्गांवर त्याची पकड तुलनेने ढिली असते. या दोन्ही वंशजांत तो भेद पुष्कळ कमी होतो. युरोपीय संघात अन्नातील अवशेष मोजताना फिप्रोनिल आणि सल्फोन यांची बेरीज धरतात, ते याचमुळे. सबब, पान वाळले म्हणजे औषध संपले, हे गिऱ्हाइकाला सांगणे आमच्या वाचकांनी आजपासून बंद करावे. मधमाशीला तर एका ग्रॅमचे काही अब्जांश पुरतात, आणि शेजारच्या बागेत मृग बहर फुलला असता वाऱ्यावर फवारणी करण्यास कोणतीही सबब चालणार नाही.

एका गोष्टीची आम्हांला विशेष तळमळ आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा बाजारात अनेक विषे आणि त्यांची मिश्रणे होती, आणि उपचार तर विषानुसार बदलतो. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेत ॲट्रोपिन उपयोगी पडते. फिप्रोनिलवर त्याचा इलाज नाही, निश्चित असा उतारा नाही, आणि झटके आवरणे हीच मुख्य चिकित्सा असते. म्हणून प्रत्येक विक्रीच्या वेळी पावतीवर द्रव्याचे नाव मराठीत, सुवाच्य अक्षरांत लिहावे, आणि फवारणाऱ्याला भोवळ आली तर रिकामी का होईना, पण बाटली लेबलासह दवाखान्यात न्यावी, असे घरच्या माणसांनाही बजावून सांगावे.