उत्तराआधीची मांडणी

ऑपरेशन्स रिसर्च हा विषय आपल्याकडे बहुधा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात एका पेपरापुरता उरकला जातो. तो मुळात उपयोजित गणित आहे आणि गणित म्हणूनच शिकला पाहिजे, असे आमचे मत आहे. हा अंक त्यासाठीच. २० कामगारांना २० कामे वाटून द्यायची, तर शक्य वाटण्या २४ हजार कोटी कोटींहून अधिक. एकेक तपासणे संगणकालाही परवडत नाही. जॉर्ज डांट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत अशा प्रश्नाच्या अटींतून बनणाऱ्या बहुपृष्ठकाच्या एका शिरोबिंदूवरून दुसऱ्यावर सरकत उत्तर गाठते. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांच्या १९८४च्या रीतीने त्याच आकाराच्या आतून वाट काढली.

आता हे सगळे सॉफ्टवेअर करते, मग सिद्धांत कशाला, असा आक्षेप येतो. पण काय कमीत कमी करायचे आणि कोणती अट मोडायची नाही, हे सॉफ्टवेअरला आपणच सांगतो. एसटीच्या फेऱ्या नुसत्या डिझेलच्या खर्चावर बेतल्या, तर आडगावची गाडी आधी बंद होईल, आणि हिशेब मात्र बिनचूक असेल. ती गाडी राखण्याची अट घातली, तर तिचा खर्च किती, हेही हेच गणित दाखवते. म्हणून या अंकातील लेखांचा भर आकडेमोडीपेक्षा मांडणीवर आहे. वर्गात हा विषय शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव, मतभेदांसह, आम्हाला जरूर कळवावेत.