पाहुण्यांचा कोपरा

मुलांनो, लिव्हरपूलने २०१९-२० मध्ये लीगचे सलग १८ सामने जिंकले. त्यांतले ८ परगावी! तिथे पाहुण्या प्रेक्षकांना मैदानाचा जेमतेम एक कोपरा मिळतो. बर्मिंगहॅमला व्हिलाविरुद्ध ८६ मिनिटं झाली तरी संघ एका गोलने मागेच. त्या कोपऱ्यात काय धाकधूक झाली असेल! मग रॉबर्टसनने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत मानेने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला.

२९ फेब्रुवारी २०२० ला तळाशी धडपडणाऱ्या वॉटफर्डने ३-० असं हरवलं. घोडदौड थांबली. तरी ३० वर्षांनी विजेतेपद आलंच. पण करोनामुळे मैदानं रिकामी. गावोगाव सोबत गेलेल्यांना चषक टीव्हीवरच पाहावा लागला. मला विचाराल, तर वॉटफर्डपेक्षा हेच जास्त बोचतं.