जोरात फुंका, मॅडम!

सिंहगड म्हणजे पुणेकरांची फुकटातली फिटनेस टेस्ट. रविवारी पहाटे अतकरवाडीतून चढायचं, वर पोचल्यावर मडक्यातलं दही आणि कांदाभजी हाणायची, आणि सोमवारी ऑफिसात 'किती मिनिटांत चढलो' याच्या बढाया मारायच्या. गेल्या हिवाळ्यात मात्र मी या टेस्टमध्ये सपशेल नापास झाले. अर्ध्या वाटेतच धाप लागली, छातीत शिट्टी वाजायला लागली आणि साठी ओलांडलेले एक काका 'चला, चला, थोडंच राहिलंय!' म्हणत माझ्या पुढून निघून गेले.

मी कारण शोधून टाकलं: वजन! रात्री खोकला यायचा, त्याचं कारण एसी. सकाळी यायचा, त्याचं कारण हिंजवडीचा ट्रॅफिक. तशी मी अस्सल पुणेरी मुलगी, टू-व्हीलरवर फक्त डोळे दिसतील असा स्कार्फ गुंडाळणारी. (स्कार्फ उन्हाला अडवतो, गाड्यांच्या धुरातल्या बारीक कणांना फारसा नाही, हे नंतर कळलं.) तीन महिन्यांत दोन अँटिबायोटिक्सचे कोर्स झाले, चार कफ सिरप झाली, आजीचा अडुळसा झाला. फरक शून्य!

शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "पीएफटी केलीय कधी?" मला ऐकू आलं पीपीएफ. म्हटलं, "हो, दर मार्चमध्ये भरते!"

तर पीएफटी म्हणजे पल्मनरी फंक्शन टेस्ट, फुप्फुसं किती काम करतात याची तपासणी. त्यातला मुख्य भाग स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि मग एका दमात, जोर लावून, आत काही उरणार नाही इतका बाहेर फेकायचा. समोर टेक्निशियन ओरडत असतो, "फुंका, फुंका, मॅडम! अजून, अजून, सोडू नका!" ढोल-ताशा पथकातसुद्धा मला कुणी एवढं चेतवलं नव्हतं. हे किमान तीनदा, कारण अर्धवट फुंकलं तर रिपोर्टही अर्धवटच.

मशीन दोन गोष्टी मोजतं: एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती. तरुण, निरोगी माणूस साधारण 80 टक्के हवा पहिल्याच सेकंदात फेकतो. माझी एकूण 3 लीटर, पहिल्या सेकंदात 1.9. म्हणजे 63 टक्के. नळ्या आकसलेल्या! मग पंपाने औषध दिलं, पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या वेळी 2.3 लीटर. औषधानंतर 12 टक्के आणि 200 मिलिलीटरपेक्षा जास्त वाढ झाली, की नळ्या औषधाला चांगली दाद देतात, असा डॉक्टरांचा वर्षानुवर्षांचा ठोकताळा. माझी वाढ 400 मिलिलीटर. निदान: दमा.

घरी सांगितल्यावर आईचा चेहरा पडला. "पंप? त्याची सवय लागते! आणि लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" मी गणित मांडलं. साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे चाळिसावा हिस्सा, आणि तोही थेट फुप्फुसात. आईला गणित पटलं की नाही माहीत नाही, पण ती एकदम म्हणाली, "मावशीलाही घेऊन जाशील का गं?"

मावशी भोरकडच्या एका गावात राहते. गेली दहा वर्षं तिला दोन हंडे पाणी आणलं तरी बसावं लागतं. 'वय झालं', 'रक्त कमी आहे', 'मनाला लावून घेता' असं सगळं सांगून झालं होतं. छातीत फुंकर किती, हे कुणी मोजलं नव्हतं. तिचा आकडा आला 52 टक्के. औषधानंतर 53. औषधानंतरही 70 च्या खाली, म्हणजे सीओपीडी.

"पण हा तर सिगरेटवाल्यांचा आजार ना?" मी विचारलं. मावशीने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणाले, "चूल किती वर्षं?" चाळीस. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं होतं: सीओपीडीच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, आणि त्यामागचं मोठं कारण चुलीचा धूर.

गेलेली ताकद परत येणार नाही, उरलेली जपता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशीने शांतपणे विचारलं, "हे मशीन दहा वर्षांपूर्वी नव्हतं का हो?"

होतं, मावशी. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्लिश सर्जनने 1846 मध्येच दोन हजारांहून जास्त माणसांचा श्वास मोजून प्रसिद्ध केला होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2011 मध्ये एकाच दिवशी देशभरातल्या डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांवर पेशंट्सची नोंद घेतली, तर निम्म्याहून जास्त जणांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. आणि त्याच संस्थेच्या 2016 च्या अभ्यासात दिसलं, की बहुतेक फॅमिली डॉक्टर स्पायरोमेट्री वापरतच नाहीत. बीपी प्रत्येक दवाखान्यात मोजतात, श्वास मात्र अंदाजावर!

म्हणून दोस्तहो, तीन-चार आठवडे खोकला हटत नसेल, रात्री छाती वाजत असेल, जिना चढताना मित्रांच्या मागे राहत असाल, तर 'स्टॅमिना गेलाय' म्हणून जिमची फी भरण्याआधी एकदा फुंकून या. जाताना पोट तट्ट भरलेलं नको, कपडे घट्ट नकोत, सिगरेट नको. पंप घेत असाल तर तो किती तास आधी थांबवायचा, हे डॉक्टरांना विचारा. नुकतंच ऑपरेशन किंवा हार्टचा त्रास झाला असेल तर तेही आधी सांगा. आणि एक लक्षात ठेवा: दमा लहरी असतो. बऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, म्हणून त्रास खोटा ठरत नाही. माझ्या टेबलावर आता पीक-फ्लो मीटर आहे. सकाळ-संध्याकाळ एक फुंकर, डायरीत एक आकडा. तो घसरायला लागला, की शिट्टी वाजण्याच्या आधीच मला कळतं.

मावशीने चूल सोडली. पंप ती पदराआड लपवून घेते, पण घेते. आणि मी? गेल्या रविवारी पुन्हा सिंहगडावर गेले. वेळ विचारू नका. पण त्या काकांना या वेळी मी गाठलंच... भजीच्या रांगेत का होईना!