भाऊबीजेला मऊ खिचडी

मैत्रिणींनो, भाऊबीज येईपर्यंत चकल्या-शेव खाऊन घरात सगळ्यांचीच तोंडं तेलकट झालेली असतात. मग ओवाळणी झाल्यावर रात्री पुन्हा पुऱ्यांचा घाट कशाला? मुगाची खिचडी आणि कढी करा.

पाच-सहा माणसांसाठी 2 वाट्या तांदूळ व 1 वाटी मूगडाळ धुऊन निथळत ठेवावी. तुपात जिरे, हिंग, हळद, मिरे घालून डाळ-तांदूळ परतावे. 9 वाट्या आधणाचं पाणी व मीठ घालून मंद आचेवर मऊ शिजवावं. कढीसाठी 4 वाट्या आंबट ताकात 2 चमचे बेसन घुसळून वाटलेलं आलं-मिरची, मीठ, साखर घालावी. वर तुपाची फोडणी. उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर कढी फुटते बरं का!

‘साधं जेवण वाढलं तर भावाला काय वाटेल?’ म्हणून कितीतरी वर्षं मी पुऱ्याच तळत बसले. भाऊ जेवून रात्रीच्या गाडीने परत जायचा, माझं बोलणं राहूनच जायचं. खिचडी केली त्या वर्षी प्रथमच त्याच्या शेजारी पान मांडलं. त्याने दोनदा मागून घेतली, आणि आईच्या आठवणी निघाल्या.

यंदा तुम्हीही भावाबरोबर जेवायला बसा.