रेझ्युमे उत्तम लिहा, पण आडनाव लपवू नका!

नोकरी मिळाली नाही की आपल्या मुलांना ऐकवले जाते, ‘तुमचा रेझ्युमेच कच्चा.’ हे अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये मांडले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. दलित नावांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी बोलावणी आली. मग गुणवत्ता कुठे गेली?

तरीही आडनाव बदला, असे आम्ही म्हणणार नाही. लाज भेदभाव करणाऱ्याला वाटावी. आपण कागद भक्कम करावा. जाहिरातीत मागितलेले कौशल्य सर्वांत वर लिहा. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय या रकान्यांचा कामाशी संबंध नाही, ते गाळा. जयंती समितीचा हिशेब सांभाळला, वस्तीत अभ्यासिका चालवली, हा अनुभवच आहे. किती रक्कम, किती मुले, किती वर्षे, ते आकड्यांत मांडा.

पण एवढ्याने न्याय मिळत नाही. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरतेच आहे. नाव वाचून अर्ज बाजूला टाकणाऱ्या खासगी कंपनीला जाब विचारणारा स्पष्ट कायदा हवा. रेझ्युमे आपण सुधारू. वाचणाऱ्याची नजर कोण सुधारणार?

जय भीम!