औषधाआधी तपासणी

केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्करोगावरील तीन औषधांचे आयातशुल्क माफ केले. त्याचे स्वागत झाले, ते योग्यच होते. मात्र यांतील ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध द्यावयाचे की नाही, हे ठरते ते ‘हर-२’ नावाच्या प्रथिनाच्या तपासणीवरून; आणि त्या तपासणीची चर्चा मात्र कोठेच झाली नाही.

स्तनाच्या कर्करोगाच्या शेकडा पंधरा ते वीस रुग्णांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. असा रोग वेगाने फैलावतो. पण त्याच प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत १९९८ साली मान्य झाल्यापासून या रुग्णांचे आयुष्य वाढले आहे. म्हणजे रोगाचे भवितव्य सांगणारी खूण तीच, आणि इलाजाची दिशा दाखवणारीही तीच. २०१४ मध्ये बायोकॉनने या औषधाचा भारतीय पर्याय आणला.

ही खूण ओळखण्याचे काम शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीच सुरू होते. काढलेला तुकडा तासाभरात दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात किमान सहा, फार तर बहात्तर तास राहिला पाहिजे. जत किंवा माण तालुक्यातील स्त्रीच्या गाठीचा तुकडा बरणीत उशिरा पडला, अथवा सुट्टीमुळे तसाच पडून राहिला, तर असलेले प्रथिनही अहवालात ‘नाही’ असे उमटू शकते. त्या एका शब्दाने तिचे औषध हुकते.

औषध आणि तपासणी या पूरक वस्तू आहेत. एकीला सवलत देऊन दुसरीकडे दुर्लक्ष केले, तर सवलतीचा पैसाही वाया जातो. यावर उपाय म्हणून तालुक्या-तालुक्यात प्रयोगशाळा काढणे शहाणपणाचे नाही. थोडे नमुने तपासणाऱ्या हाताला सराव राहत नाही. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांचे नमुने तेथे विनामूल्य तपासले जावेत, त्यांची ने-आण ठरावीक दिवशी व्हावी, आणि गाठ काढल्याची व फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ प्रत्येक बरणीवर लिहिण्याची सक्ती असावी. महागड्या औषधाच्या एका मात्रेपुढे हा खर्च किरकोळ आहे. औषधाच्या सवलतीचा निर्णय दिल्लीत होतो. बरणीवर वेळ लिहिण्याचा निर्णय जिल्ह्यातच घेता येईल, आणि त्यासाठी पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही.